निलगिरीच्या बाटलीची जागा कोणती?

गेल्या पावसाळ्यात सानगडीजवळच्या एका खेड्यातून एक आजी पाच वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. पोराच्या छातीवर लालभडक चट्टे आणि बारीक फोड उठले होते. “काहीच नाही केलं जी डॉक्टरसाहेब,” आजी म्हणाल्या, “सर्दी झाली म्हणून रात्री निलगिरी चोळली. घरचीच होती.” किती जुनी, असे विचारले तेव्हा उत्तर आले, “थोरल्याच्या लग्नाच्या आधीची.” थोरल्याचा मुलगा तर समोरच बसला होता!

मी बाटली आणायला सांगितली. दुसऱ्या दिवशी ती आली. खोकल्याच्या औषधाची प्लॅस्टिकची रिकामी बाटली होती. तिचे अंग मऊ पडले होते, झाकण अर्धवट लागत होते आणि आतले तेल पिवळे, चिकट झाले होते. वास निलगिरीचा कमी आणि टर्पेंटाइनचा जास्त येत होता. बाटली इतकी वर्षे मावळतीच्या खिडकीत उभी होती. चट्टे तेल बिघडल्यामुळे आले की तेल तसेच न मिसळता चोळल्यामुळे, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. माझ्या मते दोन्हीचा हात असावा. पोरगा चार दिवसांत बरा झाला, पण त्या बाटलीने मला हा लेख लिहायला लावले.

आपल्याकडे घरोघरी अशी तेले असतात. सर्दीला निलगिरी, दाढदुखीला लवंगेचे तेल, पोटदुखीला अमृतधारा. अमृतधारा म्हणजे कापूर, ओव्याचे सत्त्व आणि पुदिन्याचे सत्त्व. हे तिन्ही कोरडे पदार्थ एकत्र केले की आपोआप पातळ होतात. ही तेले जवसाच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलासारखी नव्हेत. कागदावर जवसाच्या तेलाचा थेंब टाका, डाग कायम राहील. निलगिरीचा चांगला थेंब टाका, काही वेळाने तो उडून जाईल आणि जवळपास काही उरणार नाही. म्हणून यांना उडनशील तेले म्हणतात. कागदावर चिकट डाग राहिला तर समजावे, तेल बिघडले आहे किंवा त्यात भेसळ आहे.

“सुगंधी तेल कुठे खराब होते? जुने झाले की आणखी कडक होते,” असे पुष्कळ लोक मला सांगतात. आपला हा धानाचा मुलुख. तांदूळ जुना चांगला, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक, म्हणून तोच हिशेब आपण सगळ्यांना लावतो. चंदनाचे आणि वाळ्याचे तेल जुने झाले की अधिक सुवासिक होते, हे खरे आहे. परंतु ते अपवाद आहेत. संत्र्या-लिंबाच्या सालीचे तेल वर्षभरातच उतरू लागते. निलगिरी, लवंग यांसारखी तेले नीट ठेवली तर साधारण दोन-तीन वर्षे चांगली राहतात. पुढे त्यांचा औषध म्हणून भरवसा धरू नये.

बिघाड होतो तो हवा, ऊन आणि उष्णता या तिघांमुळे. हवेतला प्राणवायू तेलातील घटकांशी संयोग पावतो आणि त्यातून नवे पदार्थ तयार होतात. यांतले काही पदार्थ कातडीला दाहक असतात, काहींमुळे ॲलर्जी जडते. एकदा जडलेली ॲलर्जी पुढे ताज्या तेलानेही उफाळू शकते. ऊन आणि उष्णता या कामाला वेग देतात. नवतप्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा टिनाच्या छपराखालच्या फळीवर ठेवलेल्या बाटलीचे काय होत असेल, ते तुम्हीच ताडा.

दुसऱ्याला शिकवण्याआधी स्वतःची चूक सांगतो. माझ्या दवाखान्यात लवंगेच्या तेलाची बाटली होती, तिच्या झाकणालाच रबरी फुग्याची ड्रॉपर जोडलेली. सोयीचे म्हणून मी ती तशीच ठेवत असे. काही महिन्यांनी पाहतो तर रबर फुगून लिबलिबीत झालेले आणि त्याचे काळे कण तेलात उतरलेले. लवंगेच्या तेलातील युजेनॉल रबर आणि कित्येक प्रकारचे प्लॅस्टिक मऊ करते. दाताचे डॉक्टर झिंक ऑक्साइडबरोबर जे लवंगतेल वापरतात, तेच हे. मी पुस्तकात हे वाचले होते, परंतु हात मात्र सवयीने चालत होता. बाटली फेकली आणि तेव्हापासून ड्रॉपर वेगळी धुऊन, कोरडी करून ठेवतो.

तेव्हा तेल काचेच्या, गडद तपकिरी बाटलीत ठेवावे. झाकण पेचाचे आणि घट्ट असावे. लोणच्याच्या बरणीत आपण वरपर्यंत तेल का ओततो? हवा आत राहू नये म्हणून. इथेही तोच नियम. अर्ध्याहून रिकामी झालेली मोठी बाटली तशीच ठेवण्यापेक्षा उरलेले तेल लहान, कोरड्या बाटलीत गळ्यापर्यंत भरावे. ओला चमचा किंवा बोट आत घालू नये. काम झाले की लगेच झाकण लावावे. कापराच्या डबीत मिरे टाकण्याची पद्धत आहे, ती हवी तर पाळा, पण कापूर उडू न देण्याचे खरे काम घट्ट झाकणच करते.

जागा अंधारी, कोरडी आणि घरातली सर्वांत थंड असावी. जाड मातीच्या भिंतीतले दाराचे फडताळ उत्तम. चुलीजवळची फळी, गॅसच्या वरचे कपाट, खिडकी आणि देवघरातील दिव्याशेजारची जागा या सर्व वर्ज्य. ही तेले पेट घेतात, हेही विसरू नये. फ्रीजमध्ये ठेवायचे तर बाटली डब्यात बंद करून, खाण्याच्या वस्तूंपासून दूर ठेवावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. ही बाटली मुलाच्या हाती लागता कामा नये. निलगिरीचे चमचाभर तेलही लहान मुलाला गुंगी आणू शकते, झटके आणू शकते. कापराच्या वड्या पोरांना खडीसाखरेसारख्या वाटतात आणि थोडासा कापूर पोटात गेला तरी झटके येऊ शकतात. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत निलगिरी भरणे म्हणजे घरातल्याच माणसाला फसवणे आहे. रात्री घाईत आई चमचा भरते, तेव्हा ती बाटलीच्या आकारावर विश्वास ठेवते. असे घडलेच तर उलटी करवू नका, मिठाचे पाणी पाजू नका. तेल फुप्फुसात गेले तर दुखणे दुप्पट होते. १०८ क्रमांकावर फोन करा किंवा सरळ शासकीय रुग्णालय गाठा आणि बाटली सोबत न्या. दोन वर्षांखालील मुलाच्या नाकाला, चेहऱ्याला निलगिरी किंवा कापूर लावूच नये.

माझे मत स्पष्ट आहे. दोष तेलाचा नाही, आपल्या ठेवण्याचा आहे, आणि थोडा विकणाऱ्यांचाही. सुटे तेल मिळेल त्या बाटलीत भरून, नाव-तारीख न घालता देण्याची रीत बंद झाली पाहिजे. ग्राहकानेच असे तेल नाकारले तर ती आपोआप बंद होईल. बंद बाटली घ्या, दहा-पंधरा मिलीलिटरचीच घ्या. मोठी बाटली स्वस्त वाटते, पण तिचे अर्धे तेल शेवटी खिडकीतच म्हातारे होते.

आज घरी एक काम करा. फडताळातल्या अशा सर्व बाटल्या बाहेर काढा, वास घ्या, कागदावर थेंब टाका. चिकट झालेले, वास बदललेले तेल अंगाला लावू नका, मोरीत ओतू नका. मातीत किंवा राखेत जिरवा, जवळ आग नको. उरलेल्या बाटल्यांवर पट्टी चिकटवून तेलाचे नाव आणि उघडल्याची तारीख लिहा. त्या आजींच्या घरी आता अशी एक लहान बाटली आहे. तारीख नातवानेच लिहिली आहे, वेड्यावाकड्या आकड्यांत, आणि बाटली मात्र त्याचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर आहे.