माठापलीकडची माती

टेराकोटा म्हटले की आपल्याला माठ आणि पणती आठवते. फार तर दिवाणखान्यातला सजावटीचा घोडा. ही कल्पना तोकडी आहे, आणि ते महाबळेश्वरात लगेच उमगते. इथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माठ गार करतो तो छिद्रांतून झिरपलेल्या पाण्याच्या बाष्पीभवनाने. पावसाळ्यातल्या दमट धुक्यात ते जवळपास थांबते, उलट भांड्याला बुरशी धरते. म्हणून माती पावसाळी डोंगराला चालत नाही, असे म्हणणारे डोक्यावरचे कौल विसरतात. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळुरात ज्याचा कारखाना काढला, ते मंगलोरी कौल भाजलेली मातीच आहे, आणि ते कोकणातला पाऊस पिढ्यान्पिढ्या झेलते.

तेव्हा दोष मातीचा नाही, वस्तू ठरवणाऱ्याचा. इथल्या हॉटेलांसाठी दिव्याची झाकणे, कुंड्या, भिंतीच्या फरशा करा. ताटवाट्यांना आतून शिसेविरहित झिलई द्या. फुटतील? फुटतील, पण चिनी मातीही फुटतेच. खरा आक्षेप सरपणाचा आणि माती उपसण्याचा. महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. पठारावर आवे पेटवणे अक्षम्य ठरेल. शिवाय इथल्या जांभ्याच्या मातीपेक्षा चाकाला नदीकाठची चिकण, गाळाची माती अधिक मानवते. कृष्णा इथून उगम पावून वाई-कऱ्हाडकडे जाते. आवे तिकडेच असावेत, आणि त्यांत लाकडाऐवजी गॅस जळावा. वस्तू महागेल, हे मान्य. पण पर्यटक स्ट्रॉबेरीच्या जॅमला जी किंमत देतो, ती कुंभाराच्या वाडग्याला का देऊ नये?