उपचार संपले, आता रोज थोडं हला

कसबा बावड्यातल्या आणि आसपासच्या ताई, वहिनी, मावशींनो,

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो-रेडिएशन संपलं, की घरोघरी एकच सांगणं असतं: आता आराम कर, त्या हातानं काही उचलू नकोस. सांगणाऱ्याची माया खरी आहे. पण उपचारांनंतर महिनोन्‌महिने बसून राहिलं, की थकवा हटत नाही, खांदा आखडतो, वजन वाढतं. म्हणून कळकळीची विनंती: डॉक्टरांना विचारा आणि रोज थोडं हला.

वजन उचलण्याची भीती आधी काढू. अमेरिकेत संशोधक कॅथरिन श्मिट्झ यांनी स्तनाच्या कॅन्सरनंतर हात सुजलेल्या १४१ स्त्रियांचा अभ्यास केला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या जणी आठवड्यातून दोनदा, शिकवणाऱ्यांच्या देखरेखीखाली, अगदी हलक्यापासून सुरुवात करून वजन उचलत होत्या. त्यांची सूज इतरांपेक्षा जास्त वाढली नाही, उलट सूज उसळण्याचे प्रकार कमी झाले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानंही उपचारांच्या जोडीला योगासनं देऊन मोठी चाचणी केली आहे.

पावसाळ्यात राजाराम बंधारा पाण्याखाली गेला, की बाहेर चालणं अवघड होतं. व्यायाम मात्र घरात होतो. सोप्यातून स्वयंपाकघरापर्यंत दहा मिनिटं फेऱ्या मारा. भिंतीसमोर उभ्या राहून ऑपरेशनच्या बाजूची बोटं हळूहळू वर चढवा. ताण जाणवला की थांबा, सावकाश खाली या. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा. फिजिओथेरपिस्टनं होकार दिला, की पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली उचलायला घ्या. आठवडे जातील तशी मिनिटं वाढवा. आठवड्यातून तीनदा अर्धा तास चालणं आणि दोनदा ताकदीचा व्यायाम, इथवर पोचायचं आहे. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे.

आता पावलं मोजणाऱ्या घड्याळाविषयी. मेलबर्नमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे उपचार झालेल्या ८३ स्त्रियांवर चाचणी झाली. निम्म्या जणींना घड्याळ दिलं, ध्येय ठरवून दिलं आणि फोनवर सल्ला दिला. बारा आठवड्यांनी त्यांची दमदार हालचाल इतरांपेक्षा आठवड्याला ६९ मिनिटं जास्त भरली आणि बसणं दिवसाला ३७ मिनिटं कमी झालं. घड्याळाच्या जोडीला विचारपूस करणारं माणूस होतं, हे ध्यानात ठेवा.

घड्याळातला आकडा राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीसारखा वाचा: कालच्यापेक्षा चढला की उतरला, एवढंच बघायचं. शेजारणीच्या आकड्याशी तुलना नको. दहा हजार पावलांचं ओझंही नको. तो आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्रातून पसरला, डॉक्टरांच्या चिठ्ठीतून नाही. भाकरी थापताना घड्याळ पावलं मोजू शकतं आणि दोन्ही हातांत ओझं घेऊन चाललात तर चुकूही शकतं. पट्टा ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या हातावर आणि सैल बांधा. घड्याळ नसलं तरी अडत नाही. मोबाइल कमरेच्या पाऊचमध्ये ठेवला तरी पावलं मोजतो. तेही नको असेल तर कालनिर्णयाच्या चौकटीत रोजची मिनिटं लिहा.

बंधाऱ्याला ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे ठरलेलं आहे. तुमच्या शरीराचा इशारा घड्याळ देईलच असं नाही, तो तुम्हीच ओळखायचा. छातीत दुखलं, धाप लागली, चक्कर आली, ताप आला, हात अचानक सुजला किंवा लाल, गरम झाला, तर व्यायाम थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. आजार हाडांत गेला असेल, हाडं ठिसूळ असतील किंवा औषधांनी हृदयावर परिणाम झाला असेल, तर विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नका.

घरच्यांनो, "दिवसभर राबते की, वेगळा व्यायाम कशाला?" असं म्हणू नका. राबण्यानं ती दमते. आखडलेला खांदा त्यानं सुटत नाही. तिचा अर्धा तास मोकळा करून द्या आणि जमेल तेव्हा तिच्यासोबत फेऱ्या मारा.

पुढच्या तपासणीला जाताना तीन प्रश्न लिहून न्या: मी किती चालू? या हातानं किती वजन उचलू? कोणता व्यायाम टाळू? उत्तरं कागदावर लिहून घ्या आणि त्याच दिवसापासून सुरुवात करा.