काजळीची ढाल

कार्बन म्हटला की आपल्यापुढे कोळसा उभा राहतो, आणि कोळसा म्हणजे जळण. त्यालाच आगीवर पहारेकरी नेमायचे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे, असे कोणासही वाटेल. पण वाचकहो, प्लॅस्टिक जळते कसे ते आधी पाहा. मेणबत्तीत मेणाची वाफ जळते, तसेच येथेही. उष्णतेने प्लॅस्टिकच्या लांबलचक साखळ्या तुटतात, त्यांची वाफ पेटते आणि ज्वाळेची धग खाली आणखी वाफ करीत राहते. हे रहाटगाडगे अडवायला पूर्वी ब्रोमीनयुक्त द्रव्ये सर्रास घालीत. पण ती शरीरात साठतात असे आढळले आणि त्यांतल्या काहींवर २००९ साली स्टॉकहोम कराराने बंदी घातली.

तेव्हा शास्त्रज्ञ कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांकडे वळलेच होते. जपानच्या सुमिओ इजिमा यांनी १९९१ साली त्यांचे वर्णन केले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत ताकाशी काशिवागी आणि सहकाऱ्यांनी त्या अ‍ॅक्रिलिकमध्ये मिसळून पाहिल्या. त्यांचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. शेकडा अर्धा भाग नळ्या सारख्या पसरल्या, तेव्हा जळताना पृष्ठभागावर अखंड काळी जाळी धरली. तिने धग अडवली, वाफ रोखली. नळ्या फार थोड्या पडल्या किंवा त्यांच्या गुठळ्या झाल्या, तेव्हा काळी बेटे झाली आणि मधल्या फटींतून वाफ उसळली. अखंड जाळीच्या नमुन्यात उष्णतेचा कमाल वेग बेटांच्या नमुन्यांच्या जवळजवळ निम्मा होता!

सगळी मेख या पसरण्यात आहे. नळ्यांना एकमेकींची ओढ फार. पिठल्यासारख्या गुठळ्या ठरलेल्याच. म्हणून त्यांना आम्लाने संस्कारित करून अंगावर ऑक्सिजनयुक्त गट जोडतात, आणि त्या गटांना प्लॅस्टिकशी जमणारे रेणू बांधतात. मग त्या परक्या घरात मिसळून राहतात.

हा काही अग्निकवच मंत्र नव्हे. असे प्लॅस्टिक पेटते. कधी साध्याहून लवकर पेटते. एकूण उष्णताही फारशी घटत नाही, म्हणून जोडीला फॉस्फरसयुक्त द्रव्ये घालून पाहतात. शिवाय या नळ्यांची धूळ कामगारांच्या छातीत जाऊ नये, ही काळजी वेगळीच.

कमी होतो तो आगीचा झपाटा. पण घर पेटले असता, निजलेले मूल उचलून जिना उतरायला जी दोनचार मिनिटे लागतात, ती या झपाट्याशीच झगडून मिळवायची असतात.