बुद्धिबळाच्या पटावरचे दाणे

पहिल्या घरात गव्हाचा 1 दाणा, दुसऱ्यात 2, तिसऱ्यात 4... पटाची 64 घरे भरायला किती दाणे लागतील? तेराव्या शतकात इब्न खल्लिकान यांनी लिहून ठेवलेली ही गोष्ट तुम्हालाही दादीने सांगितली असेल. उत्तर आहे 1,84,46,74,40,73,70,95,51,615.

आठवीच्या वर्गात मुले एकेका घराची दुप्पट करत बसली. अल-बिरूनी यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी वर्गाची सोपी वाट धरली होती. 2 चा वर्ग 4, त्याचा 16, मग 256, मग 65,536, मग 4,29,49,67,296. याचा पुन्हा वर्ग केला की दाण्यांपेक्षा फक्त एकने मोठी संख्या येते. तो 1 वजा करा, झाले.

"टीचर, एवढ्या मोठ्या संख्येला कशाने भाग जाणार?" एका मुलीने विचारले. शेवटी 5 आहे, म्हणजे 5 ने जातो. अंकांची बेरीज 87, म्हणून 3 ने जातो, 9 ने नाही. आणि ही संख्या म्हणजे एका वर्गातून 1 वजा. त्यामुळे वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र लावत गेले की 3, 5, 17, 257, 65,537 आणि 4,29,49,67,297 असे अवयव पडतात.

शेवटचा अवयव मूळ संख्या आहे, असे मी वर्गात ठोकून दिले. फर्मा यांनाही तसेच वाटायचे म्हणा! पण 1732 मध्ये ऑयलर यांनी त्याला 641 ने भाग जातो हे दाखवले. दुसऱ्या दिवशी मी चूक कबूल केली आणि भागाकार त्याच मुलीला फळ्यावर करायला लावला. 67,00,417, बाकी शून्य.