यंत्र आणि आपण : पुढची चाके का थरथरतात?

दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॉल्या वणी, पांढरकवडा, यवतमाळच्या बाजाराला निघतात. डांबरी रस्त्यावर ट्रॅक्टरची पुढची चाके थरथरू लागली, स्टिअरिंग झटके देऊ लागले, तर गाडी तशीच रेटू नका. त्याच रस्त्याने शाळेची पोरे चालत असतात.

सायकलचा चिमटा पाहा. तो वरून सीटकडे झुकलेला असतो, म्हणून सायकल सरळ धावायला मदत होते. ट्रॅक्टरची किंगपिनही वरून किंचित मागे कललेली असते. या कलालाच कॅस्टर म्हणतात. तो बिघडला की चाक भटकते.

आधी दोन्ही चाकांतली हवा सारखी करा. मग सपाट जागी मागच्या चाकांना दगड लावा, पुढचा भाग जॅकने उचलून भक्कम ठोकळ्यांवर टेकवा. चाक वर-खाली धरून हलवा. खडखडले तर बेअरिंग किंवा किंगपिनचे बुश झिजले. पुढे-मागे धरून हलवल्यावर खडखडले, तर टायरॉडचे सांधे तपासा.

कॅस्टर सहसा कारखान्यातच ठरलेला असतो. खड्ड्यात आदळून एक्सल वाकला तर तो बदलतो. असा एक्सल भट्टीत तापवून घणाने सरळ करू नका. पोलाद कमजोर होऊन भर ओझ्यात मोडू शकते. नवा बसवा. खर्च होईल, पण माणूस वाचेल.