किती नग?

तर बॉस, सीन असा. भुसावळ जंक्शनला उतरलात, सोबत तीन बॅगा. हमाल काय विचारतो? ‘किती सामानं?’ अजिबात नाही. तो विचारतो, ‘किती नग?’ क्लासवाले ज्यासाठी महिन्याची फी घेतात, ते प्रकरण त्याने दोन शब्दांत संपवलं. कारण इंग्रजीत ‘लगेज’चं अनेकवचन होत नाही. ‘थ्री लगेजेस’ चूक, ‘थ्री पीसेस ऑफ लगेज’ बरोबर. पीस म्हणजे नग!

विषय हलका वाटतो, पण आहे तो गंभीर. पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत खानदेशातली पोरं-पोरी कामात एक नंबर असतात, पण मीटिंगमध्ये गप्प. मुद्दा डोक्यात तयार असतो, मात्र ‘ग्रामर चुकलं तर?’ म्हणून तोच मुद्दा शेजारचा इंग्लिश मीडियमवाला मांडतो आणि अप्रेझलही तोच नेतो. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. त्याआधीच्या मराठी शाळेतल्या बॅचेस तर पाचवीत एबीसीडी गिरवायच्या. त्यामुळे ग्रामर म्हणजे दुसऱ्यांची जहागिरी, हे मनात पक्कं बसलेलं.

पण आपल्या शब्दांच्या आठ जाती आठवा. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि चार अव्ययं. इंग्रजीतही आठच, आणि हा योगायोग नाही. संस्कृतात यास्काने चारच प्रकार सांगितले होते. आठांचा साचा आपल्याकडे रुळला तो एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी व्याकरणं समोर ठेवून. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण आलं १८३६ मध्ये. म्हणजे तुम्ही शाळेत अर्धं इंग्रजी ग्रामर मराठीतून शिकून बसला आहात, फक्त तसं कुणी सांगितलं नाही. फरक आहे तो प्रिपोझिशनचा. इंग्रजीत ‘ऑन’ पुढे उभा राहतो, आपला ‘वर’ मागून चिकटतो... फलाटावर!

आता व्याख्या. ‘नाऊन म्हणजे व्यक्ती, स्थळ, वस्तूचं नाव’ हे सगळ्यांना पाठ आहे. घोळ होतो तो शब्दाला कायमचं लेबल लावल्यामुळे. शब्दाची जात ठरते ती वाक्यातल्या ड्यूटीवर, आणि ड्यूटी म्हणजे काय हे रेल्वेच्या गावाला काय सांगायचं! ‘द ट्रेन इज लेट’मध्ये ट्रेन नाम. ‘दे ट्रेन द स्टाफ’मध्ये तोच शब्द क्रियापद. (भुसावळला दोन्ही आहे, गाड्याही आणि रेल्वेची ट्रेनिंग इन्स्टिट्यूटही.) ‘सिट डाऊन’मधला डाऊन क्रियाविशेषण, ‘डाऊन ट्रेन’मधला विशेषण. आणि भुसावळ-जळगाव रोज जाऊन-येऊन नोकरी करणारा म्हणतो ‘अप-डाऊन करतो’, तेव्हा? सरळ नाम, तेही नपुंसकलिंगी. ते रोजचं अप-डाऊन. जात जन्माने ठरत नाही, हे व्याकरणाला तरी कळलंय.

नामाचे प्रकार मराठीत तीन, इंग्रजीच्या शालेय पुस्तकांत पाच. भुसावळ, तापी हे प्रॉपर. स्टेशन, इंजिन कॉमन. गाडीचा क्रू कलेक्टिव्ह, कोळसा मटेरियल. ‘डिले’ अ‍ॅबस्ट्रॅक्ट, दिसत नाही, पण फलाटावर पहिला हजर! कलेक्टिव्ह आणि मटेरियल आपण सामान्यनामातच बसवून टाकतो, म्हणून ते दोन परके वाटतात. बाकी त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

खरी मारामारी आहे मोजण्याची. काय मोजता येतं आणि काय नाही? इथे मराठी कान अर्धं काम करतो. आपण ‘दोन माहित्या’ म्हणत नाही, ‘फर्निचरं’ तर नाहीच नाही. मग ‘इन्फर्मेशन्स’ आणि ‘फर्निचर्स’ तोंडात येतात कुठून? इंग्रजी म्हटलं की एस लावायचा, या धास्तीतून! मराठीत बोलल्यासारखं बोला, एस आपोआप गळतो.

मात्र काही ठिकाणी हाच कान दगा देतो. आपण दोन सल्ले देतो, बातम्या ऐकतो, आपले केस पांढरे होतात, तांदूळ संपतात... सगळी अनेकवचनं. इंग्रजीत अ‍ॅडव्हाइस, न्यूज, हेअर, राइस चौघेही एकवचनी. ‘माय हेअर इज ग्रे’, ‘द न्यूज इज गुड’. (‘न्यूज’च्या शेवटी एस दिसतो, त्याला भुलू नका.) ही चार नावं मोबाइलवर सेव्ह करून ठेवा. सल्ला मोजायचाच असेल, तर हमालाचा फॉर्म्युला लावा. दोन नग सल्ला, म्हणजे ‘टू पीसेस ऑफ अ‍ॅडव्हाइस’.

आणि उलटी केसही आहे. रावेर-सावद्याची केळी ज्या गाडीने दिल्लीकडे गेली, ती गुड्स ट्रेन. माल या अर्थी ‘गुड्स’ बोलताना नेहमी अनेकवचनी, मग डबा एक असो की पन्नास. ‘द गुड्स आर लेट’. हा शब्द तर भुसावळची पोरं शाळेत जायच्या आधीपासून ऐकत असतात.