मूळ कॉमिकशी इमान राखायचं, पण कुठल्या कॉमिकशी?

सुपरहिरोच्या नव्या सिनेमाचं कास्टिंग जाहीर झालं की दोन दिवसांत माझ्या फीडवर दोन तट पडतात. एकीकडे ‘मूळ कॉमिकशी प्रामाणिक राहा’वाले, दुसरीकडे ‘काळ बदललाय’वाले. पहिले दुसऱ्यांना वोक म्हणतात, दुसरे पहिल्यांना वर्णद्वेषी म्हणतात, आणि तिसऱ्या दिवशी सगळे क्रिकेटकडे वळतात. मी हे सिनेमे आवडीने बघतो, कॉमिक्स वाचतो, आणि मला दोघांशीही थोडं थोडं भांडायचंय. खरं भांडण मात्र तिसऱ्याशी आहे. तो या मारामारीत कुठेच दिसत नाही, तिकिटाचे पैसे तेवढे घेऊन जातो.

आधी ‘मूळ’ या शब्दाचं बघू.

निक फ्युरी घ्या. 1963 साली कॉमिकमध्ये आला तेव्हा गोरा होता, दुसऱ्या महायुद्धातला सार्जंट. 1998 च्या टीव्ही सिनेमात डेव्हिड हॅसलहॉफने तो केला. मग 2002 साली ‘द अल्टिमेट्स’ आलं आणि त्यात लेखक-चित्रकारांनी फ्युरीला सरळ सॅम्युअल एल. जॅक्सनचा चेहरा देऊन टाकला. त्याला न विचारता. 2008 च्या ‘आयर्न मॅन’च्या शेवटी, श्रेयनामावली संपल्यावर, अंधारातून जो फ्युरी पुढे येतो तो खुद्द जॅक्सन. आता सांगा, हा सिनेमा मुळाशी प्रामाणिक की बेइमान? 1963 धरलं तर बेइमान, 2002 धरलं तर याहून प्रामाणिक कास्टिंग जगात झालेलं नाही. आणि पुढे गंमत म्हणजे मूळ कॉमिकमालिकेतही गोऱ्या फ्युरीचा एक कृष्णवर्णीय मुलगा आणला गेला, का तर सिनेमा बघून येणाऱ्याला पुस्तकातही तोच चेहरा दिसावा.

सुपरमॅनचंही तेच. 1938 च्या पहिल्या अंकात तो उडत नाही, लांब लांब उड्या मारतो. ज्या क्रिप्टोनाइटशिवाय आज त्याची गोष्टच होत नाही, ते आधी रेडिओवरच्या मालिकेत आलं आणि मग कॉमिकमध्ये शिरलं. नॉर्स पुराणातला थॉर लाल दाढीचा. मार्व्हलने 1962 साली त्याला सोनेरी केसांचा आणि तुळतुळीत दाढी केलेला करून टाकला, तेव्हा कुणाची श्रद्धा दुखावली नाही. 2011 मध्ये इद्रिस एल्बा हाइमडाल झाला, म्हणजे देवांच्या नगरीचा दारवान, तेव्हा मात्र अमेरिकेतल्या एका गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेला एकदम पुराणं आठवली आणि बहिष्काराची हाक दिली गेली. बेन हा कॉमिकमध्ये कॅरिबियन समुद्रातल्या एका लॅटिन अमेरिकी बेटावर जन्मलेला. 2012 च्या ‘द डार्क नाइट राइजेस’मध्ये तो टॉम हार्डी झाला. त्यावर बोलणारे बोलले, पण हाइमडालसारखी बोंब काही उठली नाही. एका वाटेने रंग बदलला की ते ‘कास्टिंग’, दुसऱ्या वाटेने बदलला की ‘अजेंडा’. 2018 च्या ‘टायटन्स’ मालिकेत स्टारफायरची भूमिका ॲना डियोपला मिळाली आणि ती काळी आहे म्हणून तिला ऑनलाइन शिव्या पडल्या. स्टारफायर ही केशरी कातडीची परग्रहवासी आहे हो! केशरी नट्या कुठून आणायच्या होत्या?

आता कुणी म्हणेल, हे सगळं अमेरिकेचं, आपला काय संबंध? संबंध आहे. माझ्या वयाच्या पुष्कळ लोकांचा पहिला मुखवटेवाला हिरो सुपरमॅन नव्हताच, तो इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ होता. ली फॉकने 1936 साली निर्माण केलेला फँटम. त्याचं जंगल मुळात ‘बेंगाली’, त्याच्या पूर्वजावर हल्ला करणारे चाचे ‘सिंग’, आणि त्याच्या वडिलांचा खुनी ‘रामा’. भारतात हे छापायचं कसं? म्हणून आपल्या आवृत्तीत जंगल झालं डेंकाली, चाचे झाले सिंगा, आणि रामाचा झाला रामलू. विचार करा, खलनायकाचं नाव बदललं, भूगोल बदलला, आणि आपण ते अंक जीर्ण होईपर्यंत वाचले. ‘मुळाशी प्रतारणा’ असं एकही पोरगं म्हणालं नाही. उलट आज कुणी जुना अंक विकायला काढला तर लोक ‘अस्सल’ म्हणून उड्या टाकतात, आणि अस्सल म्हणजे डेंकालीवाला!

फॉकच्याच मँड्रेकमधला लोथारही आठवून बघा. सुरुवातीला बिबट्याचं कातडं नेसलेला, मोडकंतोडकं बोलणारा आफ्रिकी नोकर. साठच्या दशकात तो नीट कपडे घालू लागला, नीट बोलू लागला, मँड्रेकचा दोस्त झाला. तेव्हा फॉक स्वतःच गोष्टी लिहीत होता. म्हणजे मूळ लेखकाच्या हयातीत, त्याच्याच हाताखाली, मूळ बदललं. तो काय वोक झाला होता?

इथपर्यंत पहिल्या गटाशी भांडण झालं. आता दुसऱ्या गटातल्या मित्रांनो, जरा तुमच्याकडे वळतो. कारण ‘बदल केला म्हणजे पुरोगामी’ हेही तितकंच भाबडं आहे आणि ते कंपनीच्या चांगलंच पथ्यावर पडतं.

2016 चा ‘डॉक्टर स्ट्रेंज’. कॉमिकमध्ये स्ट्रेंजचा गुरू, एन्शंट वन, हा हिमालयातला, तिबेटचा म्हातारा. सिनेमात तिथे आली टिल्डा स्विंटन, केल्टिक वंशाची म्हणून. आश्रम तिबेटातून उचलून काठमांडूत नेला. समर्थन असं की, पांढऱ्या दाढीचा गूढ पौर्वात्य बाबा हा साचा जुनाट आहे, तो आम्हाला मोडायचा होता. शिवाय बाईला भूमिका दिली, बघा किती पुढारलेले! पण पटकथाकारांपैकी एकाने एका मुलाखतीत आतली गोष्ट बोलून दाखवली. तिबेटी पात्र ठेवलं तर चीनचा बाजार नाराज होण्याची भीती. कंपनीने अर्थात वेगळा खुलासा केला, की ‘एन्शंट वन’ ही एक पदवी आहे, ती अनेकांकडे असू शकते. 2021 मध्ये मार्व्हलचे प्रमुख केव्हिन फायगी यांनी मान्य केलं की आम्हाला वाटलं आम्ही फार हुशारी करतोय, आणि साच्यातून सुटायला दुसरी वाट असू शकते हे तेव्हा सुचलं नाही.

दुसरी वाट दूर शोधायची गरजच नव्हती. त्याच सिनेमात वाँग आहे. कॉमिकमधला वाँग स्ट्रेंजचा नोकर, चहा आणून देणारा. सिनेमात त्याला ग्रंथपाल केला, विद्येत स्ट्रेंजच्या वरचढ ठेवला, नट आशियाईच, बेनेडिक्ट वाँग. साचा मोडला आणि माणूसही शिल्लक राहिला. म्हणजे जमत होतं. एकाच सिनेमात एक पात्र सुधारलं गेलं आणि एक पुसलं गेलं. पुसलं गेलं ते नेमकं तिबेटी. ज्यांचा देश नकाशावरून गेलाय त्यांना गोष्टीतूनही काढलं, आणि त्यावर विविधतेचं लेबल डकवलं. माझा सगळ्यात मोठा राग या प्रकारावर आहे. हे ना मुळाशी इमान, ना विविधता.

वांडा मॅक्झिमॉफचं तर आपल्याला जास्त लागायला हवं. कॉमिकमध्ये वांडा आणि तिचा जुळा भाऊ पिएत्रो हे रोमा लोकांत वाढलेले. रोमा म्हणजे युरोपभर पसरलेला, हजारेक वर्षांपूर्वी आपल्या उपखंडातून गेलेला समाज. त्यांच्या भाषेत पाण्याला ‘पानी’ म्हणतात आणि माणसाला ‘मानुष’. नाझींनी ज्यूंबरोबर या लोकांनाही छळछावण्यांत मारलं. 2015 च्या ‘एज ऑफ अल्ट्रॉन’मध्ये या भावंडांचं रोमा असणं गायब. बरं, ती स्वतःहून कुणाच्या प्रयोगांना तयार होतात? हायड्राच्या, म्हणजे मार्व्हलच्याच गोष्टीत नाझी जर्मनीतून निघालेल्या संघटनेच्या. इथे ‘मुळाशी प्रामाणिक राहा’ ही मागणी अगदी रास्त होती. काही जुन्या वाचकांनी ती केलीही. पण दारवान काळा झाला म्हणून जे गरजले, त्यांचा आवाज मला इथे ऐकू आला नाही.

बदल कसा करावा याचं मला आवडलेलं उदाहरण ‘शांग-ची’, 2021 चं. 1973 च्या कॉमिकमध्ये शांग-चीचा बाप कोण? फू मांचू! इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्यांमधून उसना आणलेला, लांब मिशांचा, जग गिळायला निघालेला चिनी राक्षस. ‘पिवळ्या लोकांपासून गोऱ्यांना धोका’ या भीतीचं ते मूर्तिमंत रूप. याच्याशी कसलं इमान राखायचं? सिनेमाने तो बाप टाकून दिला, मँडरिन नावाच्या दुसऱ्या खलनायकाची दहा कडी घेतली, आणि टोनी लुंगला वेनवू केलं. बायकोच्या दुःखात बुडालेला, हजार वर्षं जगलेला, प्रेमळ आणि भयंकर बाप. बापाच्या सावलीतून बाहेर पडू बघणारा मुलगा हा कॉमिकचा गाभा होता आणि तो जसाच्या तसा राहिला. गंमत म्हणजे 2013 च्या ‘आयर्न मॅन 3’मध्ये मँडरिन म्हणून समोर आलेला माणूस दारुडा नट निघाला होता, तेव्हा चाहते खवळले होते. तो नट झाला होता बेन किंग्जली, म्हणजे जन्मनावाने कृष्णा भानजी. त्याच ट्रेव्हरला ‘शांग-ची’त परत आणून त्या जुन्या गोंधळाचाही हिशोब चुकता केला. याला म्हणतात मूळ वाचून केलेलं काम.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. रंग, जात, देश, लिंग काढून घेतलं तर त्या पात्राची गोष्ट कोसळते का? टी’चालाची कोसळते, कारण वाकांडा म्हणजे गोऱ्यांच्या ताब्यात कधीच न गेलेली आफ्रिका. जॉनी स्टॉर्मची कोसळत नाही. तो एक उनाड, आगाऊ भाऊ आहे, पेट घेतो, बस्स. 2015 मध्ये मायकेल बी. जॉर्डनने तो केला आणि सिनेमा पडला, तर लोक म्हणाले, बघा, सांगितलं होतं. अहो, त्या सिनेमात पटकथा पडली, दिग्दर्शक आणि स्टुडिओचं जमलं नाही, शेवटचा अर्धा तास तर बघवत नाही. जॉर्डनचा त्यात काय दोष? तीन वर्षांनी तोच ‘ब्लॅक पँथर’मध्ये किलमाँगर झाला आणि मार्व्हलला त्याच्या तोडीचा खलनायक क्वचितच मिळाला.

कसोटी दुसऱ्या बाजूनेही लावा. नुसतं कातडं बदललं आणि माणूस लिहिलाच नाही, तर तीही फसवणूक. 2004 साली भारतासाठी काढलेल्या कॉमिकमध्ये पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला. प्रभाकर आपल्याकडे काकांचं नाव असतं, आडनाव नाही, पण असो. धोतर नेसलेला, योग्याकडून शक्ती मिळालेला स्पायडरमॅन. बाहेरच्याला भारत म्हणजे जे जे वाटतं ते सगळं त्यात कोंबलेलं. 2023 च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये तोच पवित्र मुंबट्टनमध्ये ट्रॅफिकवर, केसांवर आणि ‘चाय टी’ म्हणणाऱ्या परदेशी लोकांवर टोमणे मारतो. कॉमिकपेक्षा सिनेमातला पवित्र मला जास्त ओळखीचा वाटला. इथे मुळापासून लांब गेल्यानेच तो भारतीय झाला.

आणि आता तो तिसरा, पैसे घेऊन जाणारा. ‘मूळ’ मूळ म्हणून आपण एकमेकांच्या उरावर बसतो, पण मुळाचे मालक असलेल्या कंपन्यांनी मूळ माणसांना काय दिलं? जेरी सीगल आणि जो शुस्टर, क्लीव्हलंडची दोन ज्यू पोरं. सुपरमॅनचे हक्क त्यांनी 130 डॉलरला विकले. 1975 मध्ये, पहिला मोठा सिनेमा येऊ घातला असताना, बराच गाजावाजा झाल्यावर त्यांना वर्षाला 20,000 डॉलरचं पेन्शन आणि नावाचं श्रेय मिळालं. बॅटमनला आज आपण ओळखतो तसं घडवणारा बिल फिंगर 1974 मध्ये वारला. सिनेमात बॅटमनचा निर्माता म्हणून त्याचं नाव पहिल्यांदा झळकलं ते 2016 मध्ये. या बेइमानीवर कुणी हॅशटॅग चालवल्याचं माझ्या तरी बघण्यात नाही.

आता एक्स-मेन मार्व्हलकडे पुन्हा नव्याने येणार आहेत. मॅग्नेटो कोण होणार यावरून धुरळा उडणार हे नक्की. नट कुठल्याही देशाचा घ्या, मला फरक पडत नाही. पण त्याच्या छळछावणीचं काय करणार ते आधी सांगा. 2000 सालच्या सिनेमाची सुरुवातच 1944 च्या पोलंडमध्ये, काटेरी तारांपाशी आई-बापांपासून ओढून नेल्या जाणाऱ्या त्या मुलाने होते. आज त्या मुलाचं वय नव्वदीच्या पुढे गेलं असतं, त्यामुळे ‘काळाशी जुळवून घेतलं’ म्हणत ते हळूच गाळलं जाण्याची मला भीती वाटते. वय लपवायला हवी ती जादू वापरा, म्युटंट आहे तो. हातावरचा नंबर मात्र पुसू नका.